सव्वा अकराची लाइट

आधीच सांगून टाकते, त्या दिवशी सगळ्यात मोठी चूक माझ्या तोंडाची होती. डब्याची थोडी, बाबांची थोडी, लाइनमन सूर्यभानकाकांची तर मुळीच नाही. माझं तोंड लहानपणापासून असंच आहे. समोरचा अर्धं बोलला की मले पूर्ण समजलं असं वाटते.

जानेवारी होता. आई डोळा दाखवाले माझ्याकडे अमरावतीले आली होती. राजापेठेत खाली ट्यूशन क्लास अन् वर माझी खोली. दवाखान्यात बाराचा नंबर होता. बाबा, म्हणजे वामनराव, मोर्शीकडे गावी एकटेच होते. आमचा संत्र्याचा बगीचा दीड महिन्यापासून ताणावर होता. ताण द्यायचा म्हणजे झाडाचं पाणी मुद्दाम तोडायचं, पानं कोमेजू द्यायची, अन् मग एक दिवस भरपूर पाणी सोडायचं. मग झाड फुलावर येतं. त्या रात्री बाबा ताण तोडणार होते.

सकाळी आठाले त्यांचा फोन आला. "मोटारच्या जाळीवर गाळ बसला असन. जेवण करून अकराच्या सुमाराले इहिरीत उतरतो अन् साफ करतो. लाइट आज रातची हाय. मेन चालू करूनच ठेवलं, रातच्याले विसरलो तर पंचाईत."

"मेन आत्ताच काहून टाकलं?" मी विचारलं.

"लाइट रातची हाय म्हटलं ना. अन् तुहा डबा हाय की."

डबा हाय की. हे ऐकून मी खूश झाले, हे कबूल करते. तो डबा माझा होता. अकोल्याले इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाले मी तो स्वतःच्या हातानं बनवला होता, अन् आता असेच डबे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरी करत होती.

आमच्याकडे प्रत्येक स्टार्टरवर ऑटो लावलेला असतो. लाइट आली की मोटार आपोआप चालू होते, मालक घरी झोपला का असेना. मोटारले लागणारी तीन फेज लाइट कधी दिवसाची, कधी रातची. रात्री दोन वाजता साप-विंचवातून वावरात जाऊन बटण दाबाले कोण तयार होते? म्हणून ऑटो. पण ऑटोले डोळे नसतात. विहिरीत माणूस आहे का म्हैस, त्याले काय घेणं? आमच्या मोटारच्या केबलले पाण्याजवळ दोन जॉइंट होते, वरून सायकलची ट्यूब गुंडाळलेली. मोटार चालू असताना त्या पाण्यात कोणी उतरला की खेळ खलास. म्हणून मी मागच्या उन्हाळ्यात तो ऑटो काढला अन् माझा डबा लावला. डबा मोटार चालू करायचा, पण मी अमरावतीहून कुलूप लावलं तर नाही करायचा.

त्याच्याशी बोलायची पद्धतही साधी होती. लॅपटॉपवर काळी खिडकी उघडायची, कोॲप-क्लायंट नावाची आज्ञा टाइप करायची, डब्याचा पत्ता द्यायचा अन् विचारायचं, वीज आहे का? डबा उत्तर पाठवायचा. अशा यंत्रांजवळ ना मोठी बॅटरी, ना मोठी बुद्धी. म्हणून त्यांच्यासाठी ही कमी अक्षरांची भाषा बनवली आहे. लाइट नसली की डबा बॅटरीवर असायचा अन् झोपायचा. दहा मिनिटांनी चार सेकंद जागा व्हायचा, कोणी हाक मारून राहिलं का ते पाहायचा अन् पुन्हा झोपायचा. आधी दोन मिनिटांनी जागा होत होता. बॅटरी लवकर उतरते म्हणून बाबा कुरकुरले, तर मीच ते दहा केले.

गावात माझी थट्टा व्हायची. प्रीतमभाऊ, आमच्या शेजारच्या वावरवाले, म्हणायचे, "प्रणाली उंटावरून शेळ्या हाकते." हाकते तर हाकते, मी म्हणायची.

अकराले चार मिनिटं कमी होती. आई आंघोळ करून केस पुसत होती अन् मी सहज गावाचा ग्रुप उघडला. सूर्यभानकाकांचा निरोप पडला होता. *आज रातची लाइट कॅन्सल. लाइनचं काम हाय. तीन फेज सव्वा अकराले चालू होईन. मोटारी पाहून घ्या.*

मी तो दोनदा वाचला. मग बाबांले फोन लावला. रिंग पूर्ण गेली. पुन्हा लावला, पुन्हा गेली. बाबा विहिरीत उतरताना सदरा काढून काठावरच्या बाभळीले टांगतात अन् फोन सदऱ्याच्या खिशात असतो. पन्नास फूट खोल विहीर, फोनची रिंग खाली जात नाही.

"काय झालं?" आईनं विचारलं.

मी सांगितलं. आईच्या हातातलं फडकं खाली पडलं. "बापा," ती हळूच म्हणाली अन् माझ्या बाजूले पलंगावर बसली.

प्रीतमभाऊंले लावला. ते परतवाड्याच्या बाजारात होते, मागून माणसांचा गलका येत होता. "मी तं इकडं हाय वं. तुमच्या वावराकडं आज कोणीच नाई. नाल्याच्या पल्याड माणिकबाई निंदून राहिली, पण तिच्याजवळ कुठचा फोन? थांब, गावातून कोणाले गाडीवर पाठवतो." गाव ते वावर तीन किलोमीटर, त्यातला अर्धा रस्ता काळ्या मातीचा. मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून गेले होते.

सूर्यभानकाकांचा फोन बिझी. पुन्हा बिझी. असणारच ना, अख्खं गाव त्यांले विचारून राहिलं असन की काका नक्की येते का लाइट. पाचव्यांदा लागला. मी एका दमात सांगितलं.

"अवो ताई, मी फक्त निरोप टाकतो," ते म्हणाले. "स्विच सबस्टेशनवाल्याच्या हाती हाय. त्याले लावून पाहतो, पण त्याचाही फोन—" अन् कटला. नंतर पुन्हा लागलाच नाही.

मग मी लॅपटॉप ओढला.

"त्या डब्यानं बंद कराले पाहून राहिली का तू?" आईनं विचारलं.

"हो."

"पण प्रणाली, त्या डब्याचं—"

"आई, मधात बोलू नको."

आईनं पडलेलं फडकं उचलून घडी केली.

मी काळ्या खिडकीत आज्ञा टाकली. मोटारले कुलूप लाव. काहीच नाही. डबा झोपलेला. त्याच्या नोंदीत दिसत होतं की तो दहा त्रेपन्नले जागा झाला होता, म्हणजे आता अकरा तीनले होणार. घड्याळात अकरा दोन होऊन चाळीस सेकंद झाले होते तेव्हा मी पुन्हा आज्ञा टाकली अन् डोळे लावून बसले. आपण विचारलं अन् उत्तर आलं नाही, तर हा क्लायंट स्वतःच पुन्हा विचारतो. आधी दोन सेकंदांनी, मग चारांनी, मग आठांनी, मग सोळांनी. समोरच्याले त्रास नको म्हणून दर वेळी दुप्पट थांबतो. फार शहाणा अन् फार सभ्य. पण माझ्याजवळ सभ्यपणाले वेळ नव्हता, अन् हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन गेले, चार गेले, आठ गेले. मग सोळा सेकंदांची चुप्पी. त्या चुप्पीत डबा जागा झाला, चार सेकंद कान लावून बसला, कोणीच काही बोलत नाही म्हणून पुन्हा झोपला. नोंद दिसली, अकरा तीन, एक सेकंद. मी हाक मारणारी होती, तो ऐकणारा होता, अन् आमची चुकामूक झाली.

मी स्वतःच्या मांडीवर मूठ हाणली. आता अकरा तेरा. सव्वा अकराच्या आधी एकच वेळ उरली होती.

"आलं का काही?" आईनं विचारलं.

"नाही."

"मी काय म्हणून राहिली, त्या डब्याले तुह्या बापानं—"

"गप बस ना आई जरा! इथं बाप मरून राहिला अन् तुझं काय चाललं!"

असं बोलले मी. जसेच्या तसे शब्द सांगते, म्हणजे कोणाले वाटाले नको की मी कमी करून सांगते. आईनं पदर तोंडाले लावला अन् भिंतीकडे तोंड करून बसली. खालच्या क्लासमध्ये पोरं पाढ्यासारखं काही म्हणत होती. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न.

मी दोन ओळी लिहिल्या. थांबायचं नाही, उत्तराची वाट पाहायची नाही, दर सेकंदाले तीच आज्ञा पाठवायची. कुलूप लाव, कुलूप लाव, कुलूप लाव. चार सेकंदांची झोपमोड आता हुकणार नव्हती. मग नुसतं बसून राहायचं होतं, अन् ते मले कधीच जमलं नाही. बाबांले फोन लावत राहिले. रिंग जायची, बाभळीवर सदरा वाजत असन. डोळ्यासमोर एकच येत होतं, कमरेइतक्या थंड पाण्यात बाबा, एका हातात जाळी, दुसऱ्या हातानं त्या केबलले धरून. ते नेहमी केबललेच धरतात. शंभर वेळा सांगितलं. साठ वर्षांचे झाले पण ऐकतील तर शपथ.

मी कधी देवाले काही मागत नाही, त्या दिवशी मागितलं. कोणत्या देवाले तेही आठवत नाही.

अकरा तेरा, दोन सेकंद. काळ्या खिडकीत ओळ उमटली. दोन पॉइंट शून्य चार. डब्याच्या भाषेत त्याचा अर्थ, बदललं. मी लगेच विचारलं, मोटारचं काय? उत्तर आलं, कुलूप.

"झालं!" मी ओरडले. "आई, झालं. डब्यानं कुलूप लावलं. आता लाइट आली तरी मोटार चालू होत नाही." माझ्या डोळ्यांतून पाणी वाहाले लागलं. मी आईच्या खांद्याले धरलं.

आई वळली. तिचा चेहरा पाहून माझं हसू तिथंच थांबलं.

"डब्यावर मोटार नाही वं," आई म्हणाली. "दसऱ्याच्या दोन दिवस आंदी त्यानं ऑटो परत लावला. रातच्याले डबा झोपून राह्यला, मोटार चालू झाली नाई, चार झाडं सुकली. तवा त्यानं डब्याचे वायर काढले अन् ऑटोले जोडले. तुले वाईट वाटन म्हणून डबा तसाच ठेवला, त्याचा बारका दिवा जळत. मले म्हणे, पोरीले सांगू नोको."

मले काही क्षण समजलंच नाही. दसऱ्यापासून ताण लागेपर्यंत मी ऑफिसात बसून पाहत होती, डबा सांगत होता मोटार चालू, मोटार बंद. तो रिकाम्या हवेत चालू-बंद करत होता. मी कंपनीतल्या लोकांले माझ्या बापाच्या वावराचे आकडे दाखवले होते.

"मघाचपासून सांगून राहिली का तू हेच?" मी विचारलं.

आईनं मान हलवली. अकरा चौदा होत होते.

डब्याशी कोणी बोलत राहिलं तर तो झोपत नाही. वीस सेकंद गप्प बसलं की झोपतो. म्हणून मी वेड्यासारखी विचारत राहिले. वीज आहे का? नाही. वीज आहे का? नाही. दर वेळी नाही आलं की एक श्वास मिळायचा. पण विचारून काय होणार होतं? डबा फक्त सांगणार होता की लाइट आली, अन् तेव्हा सगळं संपलेलं असणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"त्याले भोंगा होता ना वं?" आई म्हणाली.

"काय?"

"डब्याले. केबल चोरणाऱ्यासाठी लावला होता तू. एकदा रोह्यांच्या कळपानं तार तोडला अन् सकाळी सकाळी बोंबलला. अख्खं शिवार हासलं. तुहा बाप तवा अंगावरचं पांघरूण फेकून धावत गेला होता."

मी विसरलीच होती. बाबा त्या दिवशी इतके चिडले होते की मी भोंगा काढून टाकायचं कबूल केलं होतं. काढला होता का? डब्याच्या प्रोग्राममधून काढला होता, पण ती नवीन आवृत्ती त्या डब्यात पोहोचली होती का, हे कोणाले माहीत? यासाठी एक प्रश्न असतो. कोणत्याही अशा यंत्राले विचारता येतं, बाबा रे, तुझ्याजवळ काय काय आहे? मी विचारलं. घाईत पहिल्यांदा एक अक्षर चुकलं, शोधलं ते सापडलं नाही असं उत्तर आलं. दुसऱ्यांदा बरोबर टाइप केलं.

यादी आली. वीज. मोटार. बॅटरी. भोंगा.

मी भोंग्याले एक पाठवला. दोन पॉइंट शून्य चार. बदललं.

पण हेच तर त्यानं मोटारीबद्दलही म्हटलं होतं. डब्याच्या हो म्हणण्याले आता काय अर्थ होता? त्याचा स्वतःचा आकडा बदलला होता, इतकंच. भोंग्याचे वायर जागेवर आहेत का बाबांनी तेही ओढून टाकले, हे डब्याले माहीत नव्हतं, मले माहीत नव्हतं, आईलेही माहीत नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी वायर काढताना ते किती चिडले होते, त्यावर सगळं अवलंबून होतं.

मी बाबांले फोन लावला. रिंग जात राहिली. अकरा पंधरा. आई पलंगावरून खाली उतरली अन् फरशीवर बसली, हात जोडून नाही, नुसती. रिंग पूर्ण गेली. पुन्हा लावला. दुसऱ्या हातानं लॅपटॉपवर विचारलं, वीज? नाही. अकरा सोळा. सूर्यभानकाकांची लाइट कधी वेळेवर आली? आयुष्यात पहिल्यांदा मी म्हटलं, उशीर कर काका, आज तरी उशीर कर. पाचवी रिंग. सहावी.

उचलला.

सगळ्यात आधी भोंगा ऐकू आला, इतका मोठा की आईनंही मान वर केली. मग बाबांचा आवाज, धापा टाकत, चिडलेला.

"काय वं, काहून बोंबलून राहिला हा तुहा भोंगा? म्या म्हटलं केबलचोर आले. अर्धी जाळी तशीच सोडून वर आलो, ओलाच. पायरीवर गुडघा फुटला. इथं काळं कुत्रं नाई."

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"हॅलो? प्रणाली? आयकू येऊन राहिलं का? बंद कर हे, मले परत खाली जायचं हाय."

"जाऊ नका," मी म्हटलं. आवाज निघाला का नाही तेही कळलं नाही. "बाबा, खाली जाऊ नका. लाइट—"

तेव्हा फोनमधून खट्ट झालं. मी तो आवाज लहानपणापासून ओळखते. ऑटोनं स्टार्टर ओढल्याचा. मग विहिरीतून मोटारीची घरघर.

भोंगा वाजत होता, मोटार चालत होती, अन् बाबा गप्प.

"प्रणाली," ते म्हणाले.

"हं."

"लाइट आली वं."

"हो बाबा."

"रातची होती ना ते."

"बदलली. सूर्यभानकाकांनी ग्रुपवर टाकलं होतं. मेन पाडा आधी."

ओल्या पायांचा आवाज आला, मग कट्ट, अन् मोटार बंद झाली. बाबा परत फोनवर आले. त्यांचा श्वास अजून जागेवर आला नव्हता.

"तुह्या डब्यानंच चालू केली वाटते मोटार," ते म्हणाले. "तो काय करन बिचारा. लाइट आली की चालू करनच."

इतकं झाल्यावरही. अंगावरून मरण गेलं होतं अन् हा माणूस मले वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलत होता.

"बाबा, डब्यात मोटारले कुलूप आहे. तीन मिनिटांआधी मीच लावलं."

बाबांनी खाकरून घसा साफ केला.

"तुह्या मायनं सांगतलं?"

"ती अकरा वाजल्यापासून सांगून राहिली होती. मीच ऐकलं नाही."

"हं," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "चार झाडं सुकली होती वं. डबा वाईट नाई. झोपते जरा."

"मी त्याले झोपवलं बाबा. ती माझी चूक."

"अन् सांगतलं नाई ते माही." ते खाली बसले असावेत, कण्हल्यासारखा आवाज आला. "ऑटो काढून फेकतो. आत्ता नाई, गुडघा ठणकून राहिला. बसू दे जरा."

आई उठून माझ्याजवळ आली अन् फोनले कान लावून उभी राहिली. मी एका हातानं तिचा हात धरला. माफी मागायची होती, पण नुसता हात धरला. तिनं माझी बोटं दाबली.

"माणिकबाई नाल्यातून पळत येऊन राहिली," बाबा म्हणाले. "गावाकडून दोन गाड्याही येऊन राहिल्या, काय झालं काय माईत. लोक हासतीन आता. भोंगा बंद कर बाई, काईच आयकू येऊन नाई राहिलं."

मी काळ्या खिडकीकडे पाहिलं. शून्य पाठवायचा होता, बस. बोट बटणावर होतं.

"थोडा वेळ वाजू द्या बाबा," मी म्हटलं.

"काहून वं?"

मी सांगितलं नाही. तो वाजत होता तोवर मले ऐकू येत होतं की बाबा वर आहेत.